रजा घ्यावी

मी चार बुकं शिकलेली बाई. आमच्या वाडीत तेव्हा एवढं शिकलेली दुसरी बाई नव्हती. फुशारकी म्हणून सांगत नाही, त्या चार बुकांनी माझं काय केलं ते सांगायचं आहे म्हणून सांगते. नसते शिकले तर बरं झालं असतं, असं हजार वेळा म्हणाले असेन. आणि तरी आजही वाण्याच्या पुडीचा कागद हातात आला की आधी वाचते, मग फेकते. खोडच ती, जात नाही.

आमचं घर श्रीवर्धनजवळ, समुद्राच्या अगदी काठाला, सुपारीच्या बागेत. माणसं तीन. मी, माझा नवरा आणि माझी सासू. सासू म्हणजे माझीच सख्खी फुफू, माझ्या बापाची बहीण. आम्हा कोकणी मुसलमानांत आत्या-मामाच्या मुलांत लग्नं होतात, तसंच आमचं झालं. त्यामुळे नवरा मला लहानपणापासून माहीत होता, गुडघे फुटलेला, नाक वाहणारा, शिंपले वेचताना माझे शिंपले चोरणारा. मी त्याला अरेतुरे करायची. लग्नानंतर फुफूनं डोळे वटारून चारचौघांत "अवो" म्हणायला लावलं. घरात कुणी नसलं की मी पुन्हा "अरे"वर यायची, आणि तो हसायचा. त्याच्या हसण्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

तो मुंबईच्या एका आगबोट कंपनीत सुकाणी होता. सुकाणी म्हणजे बोटीचं चाक धरणारा. मुंबईहून निघालेली बोट जंजिरा, दिघी, श्रीवर्धन करत खाली दाभोळकडे जायची आणि तशीच परतायची. मी बोलते ती गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आगेमागेची. तेव्हा आमच्याकडे रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी, मुंबईला जायचं तर बोटच. पावसाळ्यात बोटी बंद राहायच्या, पण कंपनी तेव्हाही त्याला सोडायची नाही. गोदीत बसून बोट घासा, रंग लावा. ईद पावसात आली तर पंधरा दिवस घरी, नाहीतर तेही नाही.

पण खरी गंमत पुढंच आहे. आठवड्यातून दोनदा ती बोट आमच्या घरासमोर उभी राहायची. जाताना एकदा, येताना एकदा. पाणी उथळ, म्हणून लांबच नांगर टाकायची आणि उतारूंची पडावातून, म्हणजे लहान होडीतून, ने-आण करायचे. सगळा मिळून अर्धा तास. नांगर पडला की सुकाण्याच्या हाताला काम नसे, पण खाली उतरायची परवानगीही नसे. तेवढा अर्धा तास माझा नवरा मला दिसायचा. दिसायचा म्हणजे काय, बोटाच्या पेराएवढा! त्या पेराला मी फडकं हलवायची आणि ते पेर हात वर करायचं. ज्यांचे नवरे आफ्रिकेला गेले होते त्या बाया मला म्हणायच्या, "तुजं बरं हाय गो, तुला दिसतो तरी." मी वरवर हसायची. आतून वाटायचं, न दिसलेला परवडला. ताटात वाढून ताट लांब ठेवलेलं बघत बसायचं, यात कसलं आलंय बरं?

एकदा मला राहवलं नाही आणि मी पडावात बसून बोटीपर्यंत गेले. पडाव हाकणारा तांडेल म्हातारा कोळी होता, मला पोरीसारखी मानायचा. "बाय, वारा हाय, पोटाला सोसायचा न्हाय," म्हणाला. मी कसली ऐकते! अर्ध्या वाटेवर जी उलटी सुरू झाली ती बोटीला लागेपर्यंत. वर कठड्यावर ओणवा होऊन तो मला बघतोय आणि मी खाली पडावाच्या काठावर ओणवी होऊन समुद्राला जेवू घालतेय. तीन महिन्यांनी नवरा एवढा जवळून दिसला आणि मी त्याला काय विचारलं? "जेवलास का?" तो एवढा हसला, एवढा हसला की बोटीवरच्या मुख्यानं, सारंगानं, त्याला हाक मारून आत घेतलं. परत येताना मी रडत होते. तांडेल म्हणाला, "पोट दुकतंय काय?" मी म्हटलं, "व्हय."

त्यानंतर मी गेले नाही, डबा जायचा. पितळी डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, ईदेच्या सुमाराला तांदळाच्या रव्याची गोड सांदणं. तांडेल डबा वर द्यायचा आणि मागच्या खेपेचा रिकामा घेऊन यायचा. रिकाम्यात काहीतरी असायचंच. कधी पेपरमिंटच्या गोळ्या, कधी साबणाची वडी. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठी कधी आली नाही. एकदाच कागद आला, आणि तो त्यानं लिहिलेला नव्हता.

कागदाचं सांगण्याआधी कंपनीचं सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी दुसरी एक आगबोट कंपनी उभी राहिली आणि आमच्या कंपनीच्या सायबांच्या अंगात आलं. त्यांनी भाडं उतरवलं. दुसऱ्यांनी आणखी उतरवलं. मग यांनी तिकिटावर चहा फुकट केला, त्यांनी चहाबरोबर नानकटाई दिली. आमची माणसं नुसती मौज म्हणून मुंबईला जाऊन यायला लागली. माझा एक चुलता तर दाढी करायला मुंबईला जाऊन आला, खोटं नाही सांगत! एवढ्यानं भागेना म्हणून सायबांनी विलायतेहून मोठी थोरली बोट आणली. दिसायला काय देखणी! पण आमच्या खाड्यांत शिरायला गेली की पोट तळाला लागायचं. आणण्याआधी एखाद्या सुकाण्याला विचारलं असतं तर त्यानं हसत सांगितलं असतं. विचारतोय कोण? ती बोट सगळा हंगाम गोदीत उभी राहिली. शेवटी दोन्ही कंपन्यांची दिलजमाई झाली, भाडं पुन्हा होतं तिथं आलं, आणि तोटा राहिला तो राहिलाच.

आमच्या माणसांनी इतक्या वर्षांत बोट एकदाही खडकावर घातली नव्हती. कंपनी खडकावर घातली ती पंख्याखाली टेबलाशी बसणाऱ्यांनी. आणि खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं? नोकरांवर खर्च फार होतो म्हणे! त्या टेबलाशी बसणाऱ्यांपैकी कुणाचा पगार उतरला असं काही आम्ही ऐकलं नाही. आजही हे बोलताना माझं डोकं फिरतं.

पगार कमी होणार अशी कुणकुण होतीच. बोटीवरच्या सगळ्यांनी, सारंगापासून भट्टीत कोळसा टाकणाऱ्यापर्यंत, आपसांत शपथा घेतल्या होत्या की कुणी कबूल व्हायचं नाही. मग एके दिवशी रिकाम्या डब्यात तो कागद आला. बरोबर तांडेलाच्या तोंडी निरोप, "वाच आणि काय करायचं ते पुढच्या खेपेला कळव." बोटीवर तिकिटाचा कारकून होता वाचणारा, पण तो सायबांचा माणूस. त्याच्यावर भरवसा नव्हता. माझ्यावर होता.

दुपारची वेळ. मी आणि फुफू बागेत सुपारी सोलत होतो. कागद मोठ्यानं वाचला. ऑफिसची भाषा ती, एकेका शब्दाला कडी-कोयंडा. कंपनीस झालेल्या नुकसानीमुळे सर्व नोकरलोकांचे पगारात रुपयास चार आणेप्रमाणे कपात करण्यात आली आहे. आणि खाली, "ज्या इसमांस सदरहू कपात कबूल नसेल त्यांनी मुंबईस हेड ऑफिसात येऊन रजा घ्यावी."

"रजा घ्यावी?" फुफू म्हणाली. "म्हंजे राजीखुशी. अल्लाची रजा म्हणतो ना आपण? सायब म्हणतोय, या, बसा, तुमची राजीखुशी काय ती सांगा."

"न्हाय गो फुफू. ही शाळेतली रजा. सुट्टी."

"कंपनी काय शाळा हाय?"

"अगं, मुलांनी दंगा केला की मास्तर घरी पाठवतात ना? तसं. कबूल नसेल त्यानं थोडे दिवस घरी बसावं, तोवर सायब लोक विचार करतील."

हे मी बोलले. आणि बोलतानाच माझ्या छातीत काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. रजा! तो घरी येणार! पेराएवढा नाही, चांगला साडेतीन हात उंच, घामाचा वास येणारा, घोरणारा. मला बाकीचा कागद दिसेनासाच झाला. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आम्ही एका ताटात जेवलो ते दिवस सगळे मिळून तीन महिने भरले नसते. बाया कुजबुजायच्या, हिला मूल कसं होत नाही. अरे, नवरा समुद्रात आणि बायको बागेत, मूल काय पडावातून येणार?

पण मनात एक कुसळ शिरलं होतं. जी कंपनी तोट्यात आहे, जिला नोकर नकोसे झालेत, ती कबूल न होणाऱ्याला वर सुट्टी कशाला देईल? त्या कुसळापायीच मी संध्याकाळी कागद पदराखाली घेऊन गावात निघाले. माझे शाळेतले मास्तर तेव्हा म्हातारे झाले होते, ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचे. सरकारी कागद, कोर्टाचा कागद, सगळं गाव त्यांच्याकडूनच वाचून घ्यायचं. मी त्यांच्या ओट्यासमोर पोचले. त्यांनी चष्मा वर केला.

"काय गं, काही वाचून हवंय का?"

दोन पावलांचं अंतर होतं. हात पदराखाली कागदावर होता. त्यांनी वाचलं असतं आणि "अगं, ही ती रजा नव्हे," असं म्हणाले असते तर तो आला नसता. एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"न्हाय मास्तर," मी म्हटलं, "सहज इकडून चालले होते."

"वाचतेस ना अजून?"

"वाचते की."

"शाबास," म्हणाले.

त्या शाबासकीनं माझी मान खाली गेली ती घर येईपर्यंत वर झाली नाही. पण परत मात्र फिरले नाही. पुढच्या खेपेला भाकऱ्यांबरोबर तांडेलाच्या तोंडी निरोप गेला, "बायको म्हणते, कागदात लिवलंय तशी रजा घे आणि घरी ये."

आणि तो आला. बोट उभी राहिली, पडाव सुटला आणि पडावात उतारूंच्या मध्ये तो बसलेला, डोक्यावर नवी टोपी, मांडीवर ट्रंक. मी ओल्या वाळूत धावत गेले. चारचौघांत "अवो" म्हणायचं तेही विसरले, "अरे, आलास!" असं ओरडले. फुफूनं कपाळाला हात लावला. पडाव लावणारे लोक मात्र वेगळ्याच डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होते. तांडेलानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "एकल्यानं रजा घेतली! बाकीच्यांनी शेपूट घातलं, सगळ्यांनी आंगठे दिले. हा एकटा मरद!"

"रजा घ्यायला काय मरद लागतो?" तो हसून म्हणाला.

लोकांना वाटलं, बघा, केवढं करून किती साधेपणानं बोलतो. आम्हाला दोघांना वाटलं, हे चेष्टा करतात. कारण तो ऑफिसात गेला होता तो असा. कारकुनानं विचारलं, "नीट विचार करून सांगतोस ना? रजा पाहिजे?" हा म्हणाला, "व्हय, पाहिजे. बायकोनं सांगितलंय." तिथं बसलेले सगळे हसले. कारकुनानं अंगठा घेतला आणि राहिलेला पगार हातावर ठेवला. ह्याला वाटलं, कंपनी म्हणजे किती चांगली, सुट्टीला जाताना पैसे देते.

ते पाच आठवडे. काय सांगू? त्यानं घराची कौलं परतली, विहिरीचा रहाट नीट केला, फुफूला पाठीवर घेऊन अंगणात फिरवलं आणि शिव्या खाल्ल्या. सकाळी मी भाकरी थापताना तो चुलीपाशी येऊन बसायचा आणि तव्यावरचीच ओढायचा, हात पोळले की मलाच बोलायचा. दुपारी आम्ही बागेत बसायचो. बोट समोर येऊन उभी राहिली की तो उठून उभा राहायचा, हात कपाळावर धरून बघायचा. "कोण धरतोय चाक? वाऱ्याला तोंड देऊन उभी करायला पायजे, ह्यानं आडवी घातलीन." मी म्हणायची, "तू रजेवर हायस, बस खाली." तो बसायचा, पण बोट जाईपर्यंत माझ्याशी बोलायचा नाही. मी त्या बोटीचा मनापासून हेवा करायची. सवत परवडली, सवतीला निदान झिंज्या असतात धरायला.

बाजारात गेला की लोक त्याला बसायला बोलवायचे. चहा पाजायचे. सायबाच्या तोंडावर रजा फेकून आलेला माणूस! तेव्हा त्याला हळूहळू शंका यायला लागली असावी. मला तर रोज रात्री यायची, सकाळी त्याचं तोंड बघितलं की जायची. पाच आठवड्यांनी तो ट्रंक घेऊन, डब्यात सांदणं घेऊन, कामावर निघाला. तिसऱ्या दिवशी परत आला. डबा तसाच भरलेला, सांदणं आंबलेली. ट्रंक ओटीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती रजा म्हंजे कायमची रजा गो. माझी जागा कवाच भरली."

बस, एवढंच. तो रागावला नाही. रागावला असता, एक थोबाडीत दिली असती, तर मी सगळं ओकून टाकलं असतं, मास्तरांचा ओटा, पदराखालचा कागद, सगळं. तो हात धुवायला विहिरीवर गेला. फुफू मला म्हणाली, "तू तर म्हणालीस शाळेतली रजा." मी आंबलेल्या सांदणांचा डबा उचलून मागच्या दारी गेले.

बंदरावर मात्र त्याचं नाव झालं ते झालंच. खरं काय ते सांगायची त्याला सोय राहिली नाही. कसं सांगणार, की मी मरद नाही, माझ्या बायकोला वाचता येत नाही? आधी तो लोकांच्या कौतुकावर गप्प बसायचा. मग नुसता मान हलवायचा. मग एक दिवस मी माझ्या कानांनी ऐकलं, तांडेलाला सांगत होता, "आपल्याला न्हाय चालत कपात. सायबानं कंपनी बुडवायची आणि आपण पोटाला चिमटा घ्यायचा? मी म्हटलं, द्या रजा." त्यात खोटं तरी काय होतं? असं म्हणण्याचा त्याला हक्कच होता. आणि असं म्हणाला की त्याची मान ताठ व्हायची. ती मान मी कशी मोडू?

दोन महिने गेले. त्या नव्या सुकाण्यानं दिघीच्या खाडीच्या तोंडाशी बोट रेतीत चढवली. भरती येईपर्यंत उतारू बोंबलत बसले. आणि मग कंपनीच्या श्रीवर्धनच्या एजंटानं शिपायाबरोबर कागद धाडला. अंगठा द्या आणि पुढच्या बोटीवर हजर व्हा. शिपाई ओटीवर बसला आणि नवऱ्यानं कागद माझ्या हातात दिला.

"वाच."

मी आधी मनात वाचला. "मी मागील खेपेस घेतलेली रजा ही माझ्या गैरसमजुतीने घेतली असून त्याबद्दल मी दिलगीर आहे, व कमी झालेला पगार मला राजीखुशीने कबूल आहे."

एवढंच होतं. आणि अक्षर न् अक्षर खरं होतं, निदान वाक्याचा पहिला भाग तरी. आयुष्यात कंपनीनं एवढं खरं कधी लिहिलं नसेल.

मला लगेच कळलं की हे वाचलं तर तो अंगठा देणार नाही. कालच अलिबागेहून एक खलाशांचा पुढारी येऊन त्याला भेटून गेला होता. आज तो "माझी गैरसमजूत झाली, मी दिलगीर आहे" याच्यावर अंगठा उठवणार? आणि हेही कळलं, की वाचलं नाही तर कुणाला समजायचं नाही. शिपायाला अक्षरओळख नव्हती. मी नुसतं म्हणायचं होतं, "कमी पगारावर परत घेतायत, बाकी काही नाही." तेवढं तो गिळणार होता. बोटीसाठी त्याचा जीव किती तुटत होता ते मी दोन महिने बघत होते. कागद एजंटाकडे जाऊन कुठल्यातरी कपाटात पडला असता. आणि तो पुन्हा आठवड्यातून दोनदा माझ्यासमोर उभा राहिला असता, पेराएवढा का होईना. नाहीतर काय होणार तेही ठरलेलं होतं. गावातले दोघे मुंबईहून मोठ्या गोऱ्या कंपनीच्या जहाजावर लागले होते, विलायत, अमेरिका, कुठं कुठं. एकदा गेला की दोन दोन वर्षं तोंड दिसत नाही. ते त्याला बोलावत होते.

"वाच ना," तो म्हणाला. "लई मोठा हाय काय?"

एकदा मी माझ्या जिवाला हवं तसं वाचलं होतं. त्याचं फळ तो ओटीवर बसून भोगत होता. पुन्हा त्याचा अंगठा मी माझ्या हावेसाठी वापरायचा? अल्लाची कसम, मला वापरायचा होता. जीभ तयार होती. मी तोंड उघडलं आणि कसं कोण जाणे, आवाज निघाला तो शाळेतल्यासारखा, एकेक शब्द सुटा, खणखणीत. गैरसमजुतीने. दिलगीर आहे. राजीखुशीने.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "असंच लिवलंय?"

"असंच."

"पुन्यांदा वाच."

म्हणजे पुन्हा एकदा संधी. मी पुन्हा तसंच वाचलं. वाचताना मी कागदावरून नजर वर केली नाही आणि त्यानं ते बघितलं. त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, नीट चार घड्या घातल्या आणि शिपायाला परत दिला. शिपाई अंगणाबाहेर गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "आता बरं वाचाया लागलीस गो."

त्याला किती कळलं होतं? मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. महिना उलटायच्या आत तो मुंबईला गेला आणि तिथून मोठ्या जहाजावर.

आणि आमच्याकडे पत्रं यायला लागली. चार-सहा महिन्यांनी एक, जहाजावर जो कोणी लिहिणारा सापडेल त्याच्या अक्षरात. "इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवावे, मातोश्रींस सलाम." त्याचं त्यात काय होतं? नावाखेरीज काही नाही. मी एकेक पत्र वीस वीस वेळा वाचायची, कुठं त्याचा एखादा शब्द सापडतो का बघायची. चुलीपाशी हात पोळल्यावर जे बोलायचा त्यातला एखादा. कधी सापडला नाही. मला पत्रं नको होती. क्षेम नको होतं. बंदरावर बाया म्हणायच्या, तुझा नवरा केवढा बाणेदार, सायबापुढं वाकला नाही. मला वाटायचं, वाकला असता तर बरं झालं असतं. सगळ्या बंदराच्या देखत गुडघ्यापर्यंत वाकला असता आणि माझ्यासमोर पेराएवढा उभा राहिला असता तर मला चाललं असतं. हे असं वाटणं चांगलं नाही हे मला कळतं. वाटायचं ते सांगितलं.

दोन वर्षं आणि वर एक महिना. दुपारची वेळ, मी मागच्या दारी मासळी साफ करत होते, हात कोपरापर्यंत खवल्यांचे. फुफूच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. पुढच्या दारी कुणी कडी वाजवली. मला फुफूचं दार उघडणं ऐकू आलं. मी वाकून बघितलं. दारात एक माणूस उभा, विलायती कोट, दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. पोटच्या पोरासमोर उभी राहून फुफू त्याला विचारत होती, "कोण पायजे तुमाला?"

मी तशीच उठले, मासळीच्या हातांनी, आणि सबंध वाडीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "त्याला न्हाय फुफू, मला! मला पायजे!"